मुखवटा कोणाला लागतो? : 'वॉचमेन' मालिका, टल्सा आणि जागल्याचा प्रश्न



आज आपण एका टीव्ही मालिकेबद्दल बोलणार आहोत, आणि तीही सुपरहिरोंच्या. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा? कारण या मालिकेत एक फार जुना प्रश्न नेमकेपणाने विचारला आहे. न्याय करायला निघालेल्या माणसाने आपला चेहरा दाखवला पाहिजे का? आणि तो दाखवत नसेल, तर का दाखवत नाही?

मालिकेचं नाव 'वॉचमेन'. एचबीओ वाहिनीवर २० ऑक्टोबर २०१९ पासून नऊ भागांत ती दाखवली गेली. तिचे कर्ते डेमन लिंडेलॉफ. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या १९८६-८७ मधल्या याच नावाच्या चित्रकथेची गोष्ट ती पुढे नेते. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांना आधीच सांगून ठेवतो, आज मला तिचं रहस्य फोडावं लागणार आहे. त्याशिवाय मुद्द्यापर्यंत पोचता येणार नाही.

आधी शब्द बघू. कायदा स्वतःच्या हातात घेणाऱ्याला इंग्रजीत 'व्हिजिलान्टे' म्हणतात. हा शब्द अमेरिकेत स्पॅनिशमधून आला. मूळ अर्थ पहारा देणारा, जागा राहणारा. म्हणजे आपला जागल्या. पण बघा, शब्द जुळले तरी माणसं जुळत नाहीत. गावगाड्यातला जागल्या गावाने नेमलेला असे. चोरी झाली की पहिला जाब त्याला द्यावा लागे. व्हिजिलान्टेला कोणीही नेमलेलं नसतं. तो स्वतःच स्वतःला नेमतो, आणि जाब कोणाला द्यायचा हेही स्वतःच ठरवतो. हा फरक लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

आता आपली अशी समजूत असते की व्हिजिलान्टे म्हटला की मुखवटा आलाच. इतिहास तसं सांगत नाही. १८५१ साली, सोन्याच्या शोधात लोंढे येत होते तेव्हा, सॅन फ्रान्सिस्कोमधल्या व्यापाऱ्यांनी 'कमिटी ऑफ व्हिजिलन्स' काढली. १८५६ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. दोन्ही वेळा मिळून त्यांनी आठ जणांना फासावर चढवलं. हे काम रात्री लपूनछपून झालं नाही. समितीला कार्यालय होतं, सभासद होते, पुढाऱ्यांची नावं शहराला माहीत होती. फाशी बघायला गर्दी जमत होती. मुखवट्याची गरजच पडली नाही, कारण त्यांना विचारणारं वरचं कोणी नव्हतं. शहरातली खरी सत्ता तेच होते.

मग मुखवटा कधी येतो? अमेरिकेतलं सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण घ्या, कू क्लक्स क्लान. यादवी युद्ध संपल्यावर टेनेसी राज्यातल्या पुलास्की गावी ही संघटना निघाली. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी मत देऊ नये, जमीन घेऊ नये, शाळा काढू नये म्हणून रात्री तोंडं झाकून घोड्यावरून हिंडायचं, मारायचं, जाळायचं. तोंडं का झाकली? दहशत बसावी हे एक कारण. दुसरं कारण असं की त्या वेळी दक्षिणेत केंद्र सरकारचं सैन्य होतं, आणि त्या सरकारचा कायदा त्यांच्यापर्यंत पोचू शकत होता. १८७० आणि १८७१ साली अमेरिकी संसदेने खास त्यांच्यासाठी कायदे केले. वेषांतर करून रस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या आवारात जाऊन कोणाचे हक्क हिरावणं हा त्यांत गुन्हा ठरवला. म्हणजे कायद्याने मुखवट्याची नोंद घेतली होती.

पुढे काय झालं? १८७७ साली सैन्याचा आधार निघाला आणि काही वर्षांतच झुंडीने माणसं फासावर लटकवणं उजळ माथ्याने होऊ लागलं. लोक मुलाबाळांसह बघायला जात. छायाचित्रं काढली जात आणि त्यांची पोस्टकार्डं विकली जात. त्या छायाचित्रांत माणसं कॅमेऱ्याकडे बघत उभी आहेत. आपल्याला कोणी ओळखेल याची त्यांना भीती नाही. १९१५ साली क्लान पुन्हा उभी राहिली, आणि ऑगस्ट १९२५ मध्ये तिच्या हजारो सभासदांनी राजधानी वॉशिंग्टनमध्ये डोक्यावर टोप्या पण चेहरे उघडे ठेवून संचलन केलं.

यातून मला एक साधं सूत्र दिसतं. कायदा आपल्याला विचारेल अशी भीती जितकी जास्त, तितकी मुखवट्याची गरज जास्त. ज्याच्या मागे सत्ता आहे त्याला तोंड झाकावं लागत नाही.

आता कथांकडे वळू. दुहेरी आयुष्य जगणारा मुखवटेधारी नायक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकप्रिय झाला. बॅरोनेस ऑर्झी यांचा 'स्कार्लेट पिंपरनेल' १९०३ साली रंगभूमीवर आणि १९०५ साली कादंबरीत आला. जॉन्स्टन मॅकली यांचा झोरो १९१९ चा. बॅटमॅन १९३९ चा. झोरो १९५७ मध्ये आणि बॅटमॅन १९६६ मध्ये दूरचित्रवाणीवर आला. तिघांत एक साम्य आहे. पहिला इंग्रज उमराव, दुसरा कॅलिफोर्नियातल्या जमीनदाराचा मुलगा, तिसरा कोट्यधीश. दिवसा ऐषारामी, काहीसा आळशी माणूस, रात्री शूर योद्धा. त्यांचं दुहेरी आयुष्य ही त्यांची निवड आहे. मुखवटा काढला की घरी नोकरचाकर आहेत, मान आहे. काही बिघडत नाही.

'वॉचमेन'ने नेमकी हीच कल्पना उलटी केली. मूळ चित्रकथेत 'हूडेड जस्टिस' नावाचं एक पात्र आहे. १९३८ साली उगवलेला पहिला मुखवटेधारी. डोक्यावर काळी पिशवी, गळ्यात फासाचा दोर. तो कोण होता हे चित्रकथेत शेवटपर्यंत नक्की कळत नाही. सर्कशीतला एक जर्मन पहिलवान असावा, अशी शंका तेवढी येते. मालिकेने त्या दोराकडे पाहून एक साधा प्रश्न विचारला. अमेरिकेत, १९३८ साली, गळ्यात फासाचा दोर घालून कोण फिरेल? ज्याला कोणीतरी तो घातला आहे, तोच ना?

पण ती गोष्ट सुरू होते त्याच्या लहानपणापासून, ३१ मे १९२१ पासून, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात. एक काळा मुलगा, विल, चित्रपटगृहात मूकपट बघतोय. पडद्यावर काळा झगा आणि टोप घातलेला एक स्वार एका गोऱ्या शेरीफचा पाठलाग करून त्याला दोरीने जेरबंद करतो. मग तो टोप काढतो, चेहरा दाखवतो, बिल्ला दाखवतो. तो बास रीव्ह्स, सरकारी मार्शल. गुन्हेगार हा शेरीफच आहे. गावकरी म्हणतात त्याला लटकवू या. बास रीव्ह्स नकार देतो. कायद्यावर विश्वास ठेवा, असं त्याचं सांगणं.

हा मूकपट मालिकेने रचलेला आहे. बास रीव्ह्स मात्र खरा. जन्म १८३८, गुलामगिरीत. १८७५ मध्ये तो डेप्युटी मार्शल झाला आणि आज ओक्लाहोमा म्हणतात त्या मुलखात त्याने सुमारे तीन दशकं काम केलं. वेषांतर करून गुन्हेगार पकडण्याबद्दल त्याची ख्याती होती. पण मला त्याच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. आपल्या स्वयंपाक्याच्या मृत्यूबद्दल त्याच्यावरच खुनाचा खटला झाला. १८८७ मध्ये तो आरोपी म्हणून न्यायालयात उभा राहिला आणि निर्दोष सुटला. आणि पुढे पत्नीच्या खुनाबद्दल स्वतःच्या मुलाला पकडण्याचं वॉरंट त्याने स्वतः बजावलं. वेषांतर त्याचंही होतं, पण ते कामापुरतं. जाब देण्याची वेळ आली तेव्हा तो चेहरा घेऊन उभा होता. दुहेरी आयुष्य आणि वेषांतर यांत हा फरक आहे.

तर मुलगा मूकपट बघतोय, आणि बाहेर शहर जळतंय. हे मात्र रचलेलं नाही. टल्साच्या ग्रीनवुड भागात काळ्या लोकांची भरभराटीची वस्ती होती. दुकानं, हॉटेलं, दवाखाने, वर्तमानपत्र, चित्रपटगृह. ३० मे रोजी डिक रोलंड नावाच्या एका तरुणावर लिफ्टमध्ये गोऱ्या मुलीशी गैरवर्तन केल्याचा आळ आला. दुसऱ्या दिवशी कचेरीपुढे जमाव जमला. त्याला झुंडीच्या हाती पडू द्यायचं नाही म्हणून काही काळे लोक, त्यांत पहिल्या महायुद्धात लढून आलेले सैनिकही होते, बंदुका घेऊन तिथे गेले. झटापट झाली, गोळी सुटली. १ जूनच्या दुपारपर्यंत ग्रीनवुडचे सुमारे ३५ चौक जळून गेले होते. बाराशेहून अधिक घरं गेली. मृतांची सरकारी संख्या त्या वेळी ३६ सांगितली गेली. इतिहासकारांचा अंदाज १०० ते ३०० चा आहे. हजारो काळ्या रहिवाशांना पकडून छावण्यांत ठेवलं.

आता मुखवट्याचं सूत्र आठवा. टल्साच्या त्या जमावाने तोंडं झाकली होती का? नाही. उलट, पोलिसांनी त्यांच्यातल्या शेकडो लोकांना तिथल्या तिथे विशेष पोलीस म्हणून शपथ दिली होती. जाळणारा आणि कायदा एकच झाला, तेव्हा मुखवटा कशाला हवा? त्या दोन दिवसांच्या खुनांसाठी आणि जाळपोळीसाठी एकाही गोऱ्या माणसाला शिक्षा झाली नाही. पुढे कित्येक दशकं हा विषय राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही नव्हता. १९९७ साली राज्याने आयोग नेमला, २००१ मध्ये त्याचा अहवाल आला.

आई-वडिलांनी त्या रात्री विलला एका गाडीत लपवून बाहेर पाठवलं. मालिकेच्या सहाव्या भागात तो मोठा झालेला दिसतो. १९३८ साल, न्यूयॉर्क, विल रीव्ह्स पोलीस खात्यात भरती होतोय. त्याने आडनाव घेतलंय ते पडद्यावरच्या मार्शलचं. समारंभात गोरा अधिकारी त्याच्या छातीला बिल्ला लावायचं टाळतो, तेव्हा सॅम्युएल बॅटल नावाचा काळा लेफ्टनंट पुढे येऊन तो लावतो. हा बॅटलही खरा माणूस. एकत्रित न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांतला पहिला काळा शिपाई, १९११ साली भरती झालेला, १९३५ मध्ये लेफ्टनंट झालेला.

विल एका माणसाला पकडतो. त्याने एका ज्यू माणसाच्या दुकानाला आग लावलेली असते. थोड्याच वेळात तो माणूस मोकळा फिरताना दिसतो. विल प्रश्न विचारू लागतो. मग एका रात्री त्याचेच सहकारी पोलीस त्याला गाडीत घालून नेतात, डोक्यावर पिशवी घालतात, झाडाला लटकवतात, आणि जीव जायच्या आत खाली उतरवतात. पुन्हा नाक खुपसू नकोस म्हणून. त्यांचे चेहरे उघडे आहेत, हे बघा. त्यांच्या गुप्त टोळीचं नाव 'सायक्लॉप्स'. क्लानमध्ये स्थानिक शाखेच्या प्रमुखाला हीच पदवी होती.

विल घरी चालत निघतो. गळ्यात दोर, हातात ती पिशवी. वाटेत एका जोडप्यावर हल्ला होताना दिसतो. तो पिशवी डोक्यावर ओढतो, डोळ्यांपुरती फाडतो आणि त्यांना सोडवतो. हूडेड जस्टिस असा जन्माला येतो. ज्या पिशवीने त्याला मारायचं होतं तोच त्याचा पोशाख. बिल्ला लावून, उघड्या चेहऱ्याने त्याला जे करू दिलं नाही, ते तो तोंड झाकून करतो. झोरोसाठी मुखवटा ही हौस असेल. विलसाठी ती कायद्याने दिलेली नकाराची पावती आहे.

आणि इतकंही पुरत नाही. त्याची पत्नी जून त्याच्या डोळ्यांभोवती गोरा रंग लावते, पिशवीच्या भोकांतून गोरा माणूस दिसावा म्हणून. काळा माणूस आहे असं कळलं तर लोक त्याला नायक म्हणणार नाहीत, गुन्हेगार म्हणतील. म्हणजे मुखवट्याच्या आत दुसरा मुखवटा. पुढे तो 'मिनिटमेन' या मुखवटेधाऱ्यांच्या संघात जातो. त्यांचा पुढारी, ज्याच्याशी विलचे चोरून प्रेमसंबंध आहेत, त्याला खरं माहीत आहे. पण बाकीच्यांसमोर टोप काढू नकोस, असंच तो सांगतो. सायक्लॉप्सविरुद्ध विल मदत मागतो तेव्हा हात वर करतो. विल दिवसा पोलीस, रात्री हूडेड जस्टिस, संघात गोरा, घरी नवरा आणि बाप. हे दुहेरी आयुष्य राहिलंच नाही, त्याचे चार तुकडे झाले.

डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉय यांनी १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकात दुहेरी जाणिवेची कल्पना मांडली. काळ्या अमेरिकनाला स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, तुच्छ लेखणाऱ्याच्या डोळ्यांनीही बघावं लागतं, असा तिचा आशय. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच ड्युबॉयना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि ड्युबॉयनी उत्तरही दिलं होतं. आणि आपला जागल्या आठवा. पहाऱ्याचं काम अनेक ठिकाणी महार किंवा रामोशी समाजाकडे असे. गावाची राखण त्याने करायची, पण राहायचं वेशीबाहेर. विल रीव्ह्सची स्थिती याहून फार वेगळी नाही. शहर राखायचं, पण शहर आपलं म्हणायचं नाही.

या सगळ्याची किंमत मालिका स्पष्ट दाखवते. विलचा लहान मुलगा एकदा आरशासमोर बापासारखा पांढरा रंग तोंडाला फासून उभा राहतो. विल संतापून तो रंग खसाखसा पुसतो. जून ते बघते आणि मुलाला घेऊन टल्साला निघून जाते. या कामाने त्याचा राग निघून जाईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. शेवटी म्हातारा विल नातीला सांगतो त्याचा मथितार्थ असा, की मुखवट्याखाली जखम झाकली जाते, भरून येत नाही.

ही नात अँजेला एबार मालिकेची नायिका आहे. २०१९ चं टल्सा. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या रात्री वर्णद्वेष्ट्या टोळीने पोलिसांच्या घरांवर एकाच वेळी हल्ले केलेले असतात. म्हणून नवा कायदा आलाय: पोलिसांनी तोंड झाकायचं, ओळख लपवायची. जगासमोर अँजेला नोकरी सोडून बेकरी काढायला निघालेली बाई आहे, प्रत्यक्षात 'सिस्टर नाइट' नावाने काम करणारी डिटेक्टिव्ह. हल्ले करणारी टोळीही मुखवटे घालते. रस्त्यावर दोन मुखवटे समोरासमोर आले की कोण कायदा आणि कोण गुन्हेगार, हे तुम्ही कसं ओळखणार? आणि शेवटी कळतं की तो कायदा आणणारा सिनेटरच त्या टोळीच्या मागे आहे.

इथे तत्त्वज्ञानातल्या दोन जुन्या गोष्टी उपयोगी पडतात. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकन एका मेंढपाळाची कथा सांगतो. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते. तो राणीला फितवतो, राजाला मारतो, राज्य बळकावतो. ग्लॉकनचा प्रश्न असा की कोणी बघणार नसेल तर माणूस न्यायाने वागेल का? विल रीव्ह्स या कथेला अपवाद वाटतो, कारण तो अदृश्य होऊन राज्य मागत नाही, न्याय मागतो. पण तोही माणसं मारतो. आणि त्याने बरोबर माणूस मारला का, हे कोणी तपासायचं? ते त्याच्याशिवाय कोणालाच शक्य नाही.

दुसरी गोष्ट कांटची. १७९५ च्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात त्याने एक कसोटी दिली. इतरांच्या हक्कांशी संबंधित अशी कृती, जिच्यामागचं सूत्र जाहीर करताच ती फसेल, ती अन्याय्य आहे. ही कसोटी पोलिसांच्या मुखवट्याला लावा. 'आमच्यापैकी कोणी तुम्हाला मारलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही' हे सूत्र कोणतं राज्य नागरिकांसमोर उघड मांडू शकेल? एकट्या, निराधार माणसाचा मुखवटा आपण समजून घेऊ शकतो. राज्याच्या मुखवट्याला ती सवलत नाही. राज्याकडे बंदूक आहे, तुरुंग आहे. त्याच्याकडून आपण बदल्यात एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे चेहरा.

यावर कोणी म्हणेल, चेहरा उघडा असला म्हणजे माणूस सरळ असतो का? अजिबात नाही. मालिकेतला पोलीसप्रमुख उघड्या चेहऱ्याने वावरतो, सगळ्यांचा लाडका आहे, आणि त्याच्या घरातल्या गुप्त कपाटात क्लानचा झगा सापडतो. टल्साच्या जमावाचे चेहरेही उघडेच होते. चेहरा दिसतो याचा अर्थ न्याय होतो असा नाही. चेहरा दिसला तर निदान प्रश्न विचारता येतो, एवढंच. तो ऐकणारं न्यायालय असावं लागतं, तो विचारणारा माणूस असावा लागतो.

असा एक माणूस टल्सात होता. बक कोल्बर्ट फ्रँकलिन, काळा वकील. त्याचं कार्यालय त्या आगीत गेलं. त्याने जळालेल्या वस्तीत तंबू ठोकला आणि आत टेबल, कायद्याची पुस्तकं आणि टंकलेखन यंत्र मांडून वकिली सुरू केली. त्या तंबूचं छायाचित्र आजही उपलब्ध आहे. नगरपालिकेने लगेच नियम काढला होता की ग्रीनवुडमध्ये आगीला न जुमानणाऱ्या साहित्यानेच घरं बांधायची. म्हणजे ज्यांचं सगळं जळालं त्यांनी महाग घरं तरी बांधावीत, नाहीतर जागा सोडावी. फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यायालयात जाऊन तो नियम हाणून पाडला, आणि लोक पुन्हा घरं बांधू लागले. नाव उघड, चेहरा उघड, पत्ता म्हणजे तो तंबू. त्याच शहरात त्याच्या जिवाला किती धोका होता हे वेगळं सांगायला नको. त्याचा मुलगा जॉन होप फ्रँकलिन पुढे अमेरिकेचा मोठा इतिहासकार झाला.

मालिकेच्या काल्पनिक जगात टल्साच्या वारसांना सरकारकडून भरपाई मिळालेली आहे. प्रत्यक्षात २००१ च्या आयोगाने भरपाईची शिफारस केली, ती कागदावर राहिली. पीडितांनी दावे केले. जून २०२४ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या हयात पीडितांचा दावा फेटाळला. तेव्हा त्या स्त्रिया शंभरी ओलांडलेल्या होत्या. त्यांनी तो दावा आपापल्या नावाने, उघड्या न्यायालयात लढवला होता.

पडद्यावरचा मुखवटेधारी बघताना आपल्याला तो आवडतो, हे स्वाभाविक आहे. मलाही विल रीव्ह्स आवडतो. पण पुढच्या वेळी असा नायक दिसला की त्याच्या ताकदीकडे बघण्याआधी एवढं विचारा: हेच काम याला उघड्या चेहऱ्याने का करता आलं नाही? त्याचं उत्तर शोधलं की त्या समाजाच्या कायद्याबद्दल बरंच काही कळतं.